अंधाराचे ठेकेदार

आमच्या घरमालकांना उजेडाचं वावडं होतं. घर दारव्ह्याच्या चांगल्या वस्तीत, पूर्वेला मोकळं मैदान, आणि त्या बाजूच्या दोन्ही खिडक्यांना आतून बारदान ठोकलेलं. कापसाच्या गाठींवरचं, कुठल्याशा जिनिंगमधून आणलेलं. मी खोली बघायला गेले तेव्हा काकूंनी दार उघडलं आणि आतल्या काळोखातून आवाज आला, "दार लावा पह्यले, मंग बोला." मी दार लावलं. खोलीत उजेडाचा एकच झोत होता आणि त्या झोतात, हात मागे बांधून, पांढराशुभ्र फुलबाह्यांचा शर्ट घातलेला एक किडकिडीत माणूस उभा होता. मान वाकवून स्वतःच्याच छातीकडे बघत होता.

"काय दिसून राह्यलं माह्या शर्टावर?"

"फूल," मी म्हटलं.

"कोणतं?"

"जास्वंद."

"रंग?"

"लाल."

"खोली तुमची," ते म्हणाले. "बाकीचं काकूले विचारा."

मी तालुक्याच्या कृषी कार्यालयात कंत्राटावर लागले होते. अकोल्याहून बॅग घेऊन आलेली, गावात ओळखीचं कुत्रंही नव्हतं. अशात अंधारात उभं करून जास्वंदीचा रंग विचारणारा घरमालक भेटला, तर शहाण्या मुलीनं काढता पाय घ्यायला हवा. मी घेतला नाही, कारण तेवढ्यात काकूंनी चहा आणला. पुढे त्या घरात मी बरीच वर्षं काढली. दारव्ह्याची माणसं आजही कुठे भेटली की काकांचे किस्से काढतात आणि मीही हसते. एका जागेपर्यंत हसते, मग मला हसता येत नाही.

काकांचा धंदा प्रोजेक्टरचा. लग्न, शाळेचं गॅदरिंग, क्रिकेटची मॅच, विहारातली जयंती, आमच्या ऑफिसचे शेतकरी मेळावे, जिथे मोठा पडदा लागेल तिथे काका. मशीन एकच, जुनं, आत काचेचा दिवा असलेलं. त्या दिव्याला ते लॅम्प म्हणत, आणि घरात लॅम्पबद्दल जावयाबद्दल बोलावं तसं बोललं जाई. लॅम्प तापला आहे, लॅम्पला आराम हवा, लॅम्पला धूळ चालत नाही. कार्यक्रम संपून मंडप रिकामा झाला तरी काका मशीनच्या पाठीवर तळहात ठेवून बसून राहत. आतला पंखा फिरून लॅम्प निवल्याशिवाय उठायचं नाही. मध्येच लाइन गेली आणि पंखा थांबला तर तापलेला लॅम्प फुटायचा, म्हणून त्या एवढ्याशा पंख्यासाठी ते इन्व्हर्टरची बॅटरी सोबत वागवत. घरी लोडशेडिंगच्या वेळी काकू पुठ्ठ्यानं वारा घेत बसत आणि भरलेली बॅटरी कोपऱ्यात तशीच.

"लावा ना तो पंखा," काकू म्हणत.

"माणूस गरमीनं फुटत नाही," काका म्हणत.

पण आपला खरा धंदा अंधाराचा, असं त्यांचं म्हणणं. "मशीन कोणीबी आणते. अंधार कोण करते?" त्यांच्या गाडीत प्रोजेक्टर एका कोपऱ्यात आणि बाकी सगळ्या ताडपत्र्या. दुपारचा कार्यक्रम असला की सकाळीच जाऊन मंडपाच्या चारी बाजू बुजवायच्या. ताडपत्री, तिच्यावर बारदान, उरलेल्या फटींत यजमानांच्या घरच्या गोधड्या. मग आत उभं राहून डोळ्यांसमोर हात धरायचा. बोटं दिसली तर आणखी एक गोधडी मागवायची. एका लग्नात नवरीच्या मामांनी वारा यावा म्हणून कनात वर केली, तर काका मशीनमागून ओरडले, "मामाजी, लगन लावून राह्यले का दुकान उघडून राह्यले?" मामा रुसले. त्यांना जेवायला बसवायला नवरदेवाच्या वडिलांना हातापाया पडावं लागलं. तरी पुढच्या लग्नसराईत लोक पुन्हा काकांच्याच दारात, कारण दुसरं मशीन गावात नव्हतंच.

पांढऱ्या शर्टाचं कारणही तेच. पडदा लावण्याआधी झोत ते स्वतःच्या छातीवर घेऊन तपासत. शर्ट रोज धुतलेला, नीळ दिलेला. काकूंच्या बोटांची निळाई कधी जात नसे. "मी बायको कायची, पडदा धुणारी बाई हाय मी याईची," असं त्या मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या. आणि तपासायचं ते लाल रंगावर. पांढऱ्याची काकांना अजिबात किंमत नव्हती. "पांढरा तं चुना बी दाखवते. लाल दाखव मले." लॅम्प म्हातारा झाला की आधी लाल मरतो, मग बाकीचे, असं ते सांगत. त्यामुळे सकाळी ऑफिसला निघाले की मला अंधाऱ्या बैठकीतून जावं लागे आणि जाता जाता जास्वंदीचा रंग सांगावा लागे. एकदा घाईत मी "किरमिजी" म्हटलं. संध्याकाळी परत आले तर काका मशीन खोलून बसलेले, आणि चेहरा असा की घरात कोणी आजारी आहे.

मग दारव्ह्यात लेझर आला.

चौकातल्या डेकोरेशनवाल्या तरुणानं तो लेझरचा प्रोजेक्टर आणला. हुशार, बोलका मुलगा. त्यानं पहिल्याच दिवशी भर दुपारी स्टँडजवळच्या भिंतीवर कुठल्या तरी लग्नाचा व्हिडिओ लावला. ना कनात, ना ताडपत्री. बटण दाबलं की चालू, दाबलं की बंद, लॅम्प तापायची वाट बघणं नाही. एसटीची माणसं बस सोडून बघत उभी राहिली. काका भाजीची पिशवी घेऊन तिथूनच चालले होते. त्यांनी बघितलं, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि घरी येऊन न जेवता झोपले.

चार-आठ दिवसांनी त्यांनीच शर्यत ठरवली. भिंत एक, मशीन दोन. जागा विहारातला हॉल, वेळ रविवार दुपार. खिडक्या अर्थातच काकांनी बुजवल्या. शंकरपटाच्या बैलशर्यतीला जमावीत तशी माणसं जमली. आधी दोघांनी कोरा पांढरा उजेड टाकला. भिंतीचा लेझरकडचा भाग असा लखलखला, की त्याच्या शेजारी काकांचा भाग चहा सांडल्यासारखा दिसू लागला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. डेकोरेशनवाला खोक्यावरचे उजेडाच्या मापाचे, लुमेनचे आकडे वाचू लागला.

"लुमेन ठेव घरी," काका म्हणाले. "आता लाल."

दोन्हीकडे जास्वंद आली. आणि खरं सांगते, काकांची जास्वंद सरस होती. लेझरची झगझगीत, पण जरा गुलाबीकडे झुकलेली. काकांची गडद, हात लावावासा वाटावा अशी. पुढे बसलेल्या एक म्हाताऱ्या आजी काकांच्या फुलाकडे बोट करून म्हणाल्या, "हे झाडावरचं हाय. ते दुकानातलं." हॉल हसला. काकांची छाती त्या पांढऱ्या शर्टात फुगली.

डेकोरेशनवाला काही चिडला नाही. तो एवढंच म्हणाला, "काका, एक खिडकी उघडून पाहू का?"

"खिडकी कायले उघडाची? शर्यत अंधारातली व्हती."

पुन्हा हशा. खिडकी बंदच राहिली. काका त्या दिवसापासून गावभर सांगत फिरले की लेझर नुसता ओरडतो, लाल आपलाच पक्का. मला वाटतं, ती एक खिडकी त्या दुपारी उघडायला हवी होती.

त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली. बोंडअळीनं सगळ्यांना पिडून सोडलेलं, जो तो फवारत होता, आणि झाडं एवढी उंच की फवारा वर मारावा लागे आणि अंगावरच पडे. गावोगावची माणसं आजारी पडू लागली. डोळ्यांपुढे अंधारी, उलट्या, कोणी यवतमाळच्या दवाखान्यात. वरून आदेश आला आणि आम्ही गावागावात मेळावे घेऊ लागलो. तोंडाला काय बांधायचं, दुपारी का फवारायचं नाही, आणि मुख्य म्हणजे औषधाच्या डब्यावरची खूण. प्रत्येक डब्यावर टोकावर उभा केलेला एक छोटा चौकोन असतो, त्याचा खालचा अर्धा रंगीत. लाल म्हणजे सगळ्यात जहरी. मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं म्हणून हा रंग.

दिग्रस रस्त्यावरच्या एका गावी भादव्यात असा मेळावा होता. लेझर गणपती मंडळानं नेलेला होता, आणि नाहीतरी आमच्या साहेबांना काकांचीच सवय. काका सकाळीच जाऊन शाळेच्या आवारातला मंडप बुजवायला लागले होते. मी पोचले तेव्हा एक उंच माणूस लाकडी बल्लीवर चढून त्यांना ताडपत्री बांधू लागत होता. फवारणीच्या मजुरीवर जाणारा, पहाटेचं काम आटपून आलेला. अंगाला औषधाचा वास. दोर आवळता आवळता तो म्हणाला, "काका, एवढा अंधार कायले? घुबडाचं लगन हाय का?" काका चक्क हसले आणि आपल्या पुडीतला तंबाखू-सुपारीचा खर्रा त्याला दिला. काका कोणाला खर्रा देत नसत.

लोक आले, आत बसले. भाषणं सुरू झाली. बाहेर भादव्याचं ऊन, आणि आत थोड्या वेळानं श्वास कोंडायला लागला. लेकरं रडू लागली. बाया म्हणाल्या, कनात उघडा. काका ऐकेनात. शेवटी साहेबांनीच माइकवरून सांगितलं, तेव्हा गावच्या पोरांनी एक बाजू वर केली आणि ऊन आत आलं. त्याच वेळी पडद्यावर ते चार चौकोन होते. हिरवा आणि निळा राखाडी झाले. पिवळा गेलाच. लाल होता तिथे काहीतरी फिकट, मातकट उरलं.

मागून कोणीतरी विचारलं, "लाल कोणता व्हय जी? मले तं सारे सारखेच दिसून राह्यले."

"दिसते, दिसते," काका मशीनमागून म्हणाले. "डोये बारीक करून पाहा. माहा लाल पक्का हाय."

लोक हसले. साहेबांनी पुढचं चित्र लावायला सांगितलं. मग नाश्ता झाला, हजेरीच्या सह्या झाल्या, आणि काका मशीनवर हात ठेवून लॅम्प निवायची वाट बघत बसले.

थोड्याच दिवसांत बातमी आली. तोच उंच माणूस. सकाळपासून फवारत होता, वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच पडला, यवतमाळला नेला, वाचला नाही. वावरात सापडलेल्या डब्यावर लाल खूण होती.

गावात बोलणं झालं ते डबा कोणी दिला, कोणाच्या दुकानचा, वावर कोणाचं, याचं. प्रोजेक्टरचं नाव कोणाच्या तोंडात आलं नाही. यायचं कारणच नव्हतं. ते एका माणसाच्या मनात आलं आणि तिथेच घर करून बसलं.

पहिल्यांदा खिडक्यांवरचं बारदान निघालं. एका सकाळी उठले तर बैठकीत लख्ख ऊन, आणि त्या उन्हात काका भिंतीवर मशीन लावून उभे. काकू स्वयंपाकघराच्या दारात, कपाळाला हात लावून. भिंतीवर जास्वंद नव्हती. तोच चौकोन होता. काकांनी कुठून तरी रिकाम्या डब्याचं लेबल सोलून आणलं होतं, त्याचा फोटो काढून लावला होता.

"कोणता रंग हाय, मॅडम?"

मला ठाऊक होतं म्हणून मी म्हटलं, "लाल."

"ठाऊक हाय म्हणून नोका सांगू. पाहून सांगा."

मी पाहिलं.

"पिवया दिसते," काका म्हणाले. "खरंच पिवया दिसते जी."

त्यानंतर त्यांनी कार्यक्रम घेणं सोडलं. ते लेबल शर्टाच्या खिशात असे आणि डेकोरेशनवाल्याचा दिवसाचा कार्यक्रम जिथे असेल तिथे ते जात. दिग्रसपर्यंत जात. जेवणाच्या पंगती उठायच्या आत त्याला गाठून म्हणत, एवढा एक फोटो लाव. तो लावत असे. मग काका लेझरच्या झोतात छाती काढून उभे राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत, कोणता रंग? लाल, लोक सांगत. परत विचारत. वऱ्हाडी मंडळींना वाटे काही खेळ आहे. गावानं त्यांना 'लालवाले काका' नाव पाडलं. डेकोरेशनवाल्याला मात्र ते बघवेना. एकदा तो घरी आला, काकांच्या पायाशी बसून म्हणाला, "काका, माह्या मशीनवर बी दुपारी लाल काही खास दिसत नाही. तुमच्यासारखंच हाय ते."

"खोटं नोको बोलू, बावा," काका म्हणाले. "मी रोज पाहून राह्यलो."

मला त्यांचा राग येई. खरंच राग येई, कारण तर्काला जागा असताना माणूस स्वतःला असा खात बसलेला बघवत नाही. मी एकदा भांडलेच. "काका, खूण डब्यावर होतीच ना? डबा त्याच्या हातात होता. तुमच्या पडद्यानं काय बिघडलं?"

"डब्यावर लाल व्हता," ते शांतपणे म्हणाले, "पण लाल म्हंजे काय, हे तं आपण पडद्यावर सांगून राह्यलो व्हतो ना? अन् त्यानं इचारलं, लाल कोणता. मी म्हटलं डोये बारीक कर."

"ते त्यानंच विचारलं कशावरून? मागून कोणीतरी विचारलं होतं."

"हेच तं मले माहीत नाही," काका म्हणाले. "हेच माहीत कराचं हाय."

त्या माणसाची बायको त्या दिवशी मंडपात होती. तिला विचारायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं. पण जायचा धीर होईना. जीपपर्यंत जात आणि परत येत. शेवटी काकूंनीच मला हात जोडले, "तुमी जा बाई याईच्या संगं. काय ते एकदाचं होऊन जाऊ दे."

आम्ही गेलो तेव्हा वेचणी सुरू होती. ती नुकतीच वावरातून आली होती, लुगड्याला कापसाचे पुंजके चिकटलेले. आम्हाला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. सासू आत खोकत होती. तिनं काकांना ओळखलं. "तुमी पडद्यावाले ना?" एवढं म्हणून समोर बसली. काकांनी खिशातून लेबल काढलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा काढलं.

"बाई," ते म्हणाले, "त्या दिवशी हा रंग पडद्यावर कसा दिसला व्हता? तुमाले, अन् त्याईले. लाल दिसला का नाही? मागून कोणी इचारलं, ते तेच व्हते का?"

ती लेबलाकडे बघत राहिली. मग तिनं मान हलवली.

"ते नव्हते जी. ते तं झोपले व्हते."

काकांनी लेबल परत खिशात ठेवलं.

"पहाटपासून फवारून आलते," ती म्हणाली. "तुमची ताडपत्री बांधू लागली, मंग माह्याजवळ येऊन बसले. बाहेर असं ऊन, अन् तुमी आत एवढा अंधार केलता. बसल्या बसल्या डोया लागला त्याईचा. डोकं माह्या खांद्यावर आलं. दिवसा चार लोकात असं कधी नाही केलं त्याईनं. मी म्हटलं, अंधारच हाय, कोण पाह्यते. झोपू दे. मी हालली बी नाही. पडद्यावर काय व्हतं, मले बी ठाऊक नाही. कनात उघडली तरी उठले नाही, नाश्ता आला तवा मी उठवलं." तिनं लुगड्यावरचा कापसाचा एक पुंजका काढला. "लय दिवसानं असे निवांत झोपले व्हते."

काकांनी पाण्याचा गिलास संपवला, तिच्यासमोर हात जोडले आणि उठले. आम्ही रस्त्यावर आलो, जीप मिळाली. मला इतकं हलकं वाटलं होतं की मी गाडी गावाबाहेर पडायच्या आत बोलायला सुरुवात केली. काका, सुटलात तुम्ही. लाल दिसायचा प्रश्नच नव्हता. लॅम्प असता काय, लेझर असता काय, त्यानं पडद्याकडे पाहिलंच नव्हतं. आता ते लेबल फेकून द्या आणि घरी जाऊन जेवा.

काका ऐकत होते. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता आणि ते तिकडे बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस रडेल आणि मोकळा होईल.

"लेझर असता तं अंधार कराच लागला नसता, मॅडम," ते म्हणाले. "उजेडात जागा राह्यला असता तो."